सावडीचा हात

मला वाडीत संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला त्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. एकदा टेंपो भरून शिलाई मशिनी आल्या, मारुतीच्या देवळात मांडल्या, आम्हा बायांना एकेकीमागे बसवून फोटो काढले, आणि संध्याकाळी तोच टेंपो त्याच मशिनी घेऊन माळशेज चढून गेला. पुढे एक चष्मेवाला झाडपाल्याचा अभ्यास करतो म्हणून आमच्या डोंगरावर हिंडला. माझ्या चुलीवरची भाकरी खाल्ली त्याने. दुसऱ्या वर्षी त्याच डोंगराच्या पायथ्याला तारेचं कुंपण आलं, आणि सरपणाला आत जायचं तर वॉचमनला विचारायचं. तेव्हापासून कोणी गोड बोलत वाडीत शिरलं की मी आधी त्याच्या चपला बघते. चपलांवर धूळ नसेल तर माणूस गाडीतून आलाय आणि काम साधलं की गाडीतूनच जाणार आहे.

अनिताबाईंच्या चपला धुळीने माखलेल्या होत्या. वैशाखऱ्याच्या नाक्यावर एसटीतून उतरून ती बाई पायी वर आली होती. त्यामुळे पहिल्याच दिवशी माझा हिशेब चुकला, आणि हिशेब चुकला की मला आणखी संशय येतो.

ही गोष्ट दोन हजार चार सालची, शिमग्याच्या आधीची. अनिताबाई ठाण्याच्या एका संस्थेतल्या. देवळात बायांना जमवून त्यांनी सांगितलं की मुरबाडला एसटी स्टँडजवळ एक केंद्र निघालंय. आसपासच्या ग्रामपंचायती, त्यांची संस्था आणि एमआयडीसीतले काही कारखानदार अशी तिघांची भागीदारी. पूर्वी कधी नोकरी केलेली, पण लग्न, बाळंतपण, आजारपण, नाहीतर कारखाना बंद पडला म्हणून घरी बसलेली माणसं शोधायची आणि त्यांना पुन्हा कामाला लावायचं. घरी बसलेली, हा शब्द त्यांनी दोनतीनदा वापरला. मी म्हटलं, पहाटे उठून पाणी, शेण, चूल, शेत आणि सरपण करणारी बाई बसते कधी ते एकदा येऊन दाखवा. बाया हसल्या. अनिताबाईही हसल्या आणि म्हणाल्या की बरोबर आहे, माझा शब्द चुकला. आपली चूक इतक्या लवकर कबूल करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला ते काही चांगलं लक्षण वाटलं नाही.

भागीदारी म्हटली की वाटा आला. आमच्याकडे अर्धेलीने शेत करतात तेव्हा दोघांतला एक तरी हळहळतोच, आणि इथे तर तिघे होते. मी सरळ विचारलं, "बाई, यात तुमचा वाटा काय?" त्या म्हणाल्या की कारखान्याला शिकलेले हात मिळतात, पंचायतीला वाटतं गावातली माणसं शहराकडे जाऊ नयेत, आणि आमच्या संस्थेला सरकारकडून अनुदान मिळतं. सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मला पटलं नाही, पण माझ्या शेजारी बसलेल्या रविनाचं तोंड मी पाहिलं आणि मला कळलं की आता आपल्या पटण्या-न पटण्याला काही किंमत राहिलेली नाही.

रविना माझी सून. सापगावची. लग्नाआधी ती शहापूरकडच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. चंदरशी लग्न झालं, पोर झाली, काम सुटलं ते सुटलंच. चंदर, माझा मुलगा, भिवंडीला गोदामात कामाला. आठवड्याने घरी यायचा आणि झोपून परत जायचा. रविना घरातलं सगळं करायची, उलटून बोलायची नाही, पण बोलायचीच नाही. पाच वर्षांत मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी देवळातून घरी येताना ती पोरीला कडेवर घेऊन गाणं गुणगुणत होती.

मी तिला नाही म्हटलं नाही. चंदरने फोनवर हो म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? पण आंधळेपणाने पाठवायची माझी तयारी नव्हती. एके दिवशी मी पहाटेच्या जीपने मुरबाडला गेले आणि एसटी स्टँडवर त्या केंद्रासमोरच्या बाकड्यावर बस धरायला आल्यासारखी बसले. अर्धा दिवस बसले. कंडक्टर दोनदा विचारून गेला की आजी, कुठे जायचंय. केंद्र म्हणजे जुन्या गोदामाच्या दोन खोल्या. बाया आत जात होत्या आणि थोड्या वेळाने बाहेर येत होत्या. एक लंगडणारा माणूस गेला, तोही आला. कोणाला गाडीत घालून कुठे नेलं नाही, कोणाचा अंगठा घेतल्याचं दिसलं नाही. भजी खाऊन मी परत आले. काहीच वावगं न दिसल्यामुळे मला झोप लागली नाही. मशिनींच्या वेळीही संध्याकाळपर्यंत काही वावगं नव्हतं.

शिमग्यानंतर केंद्राने एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात काम लावून दिलं आणि रविना जायला लागली. तिच्याबरोबर शेजारची भिमी. वाल्मिकची जीप नाक्यावर यायची, हॉर्न वाजवायची आणि या दोघी उतारावरून पळत सुटायच्या. पोर माझ्याकडे. पोरीचं मला काही ओझं नव्हतं. ती माझ्या पदराला धरून गोठ्यात, परसात, विहिरीवर यायची आणि माझ्याच कुशीत झोपायची. आमचे हे, कोंडू त्यांचं नाव, तेही तिला खांद्यावर घेऊन फिरायचे. रविना संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या अंगाला औषधाचा वास असायचा. मी तिचा डबा हुंगून बघायचे, पिशवी हातात घेऊन जड लागते का बघायचे. मग भिमीला वेगळी गाठून तेच प्रश्न विचारायचे जे रविनाला विचारले होते. आत किती बाया? साहेब कसा? जेवायला कुठे बसता? दोघींची उत्तरं तंतोतंत जुळली. मी म्हटलं, म्हणजे आधी ठरवून ठेवलेली दिसतात.

भिमीने ते रविनाला सांगितलंच.  दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना रविनाने आपणहून पिशवी उघडून माझ्यासमोर धरली. डबा, रुमाल, कारखान्याचं कार्ड. "बघा आत्या," म्हणाली, "नीट बघा." मीही नीट बघितलं. लाज वाटायला काही नव्हतं त्यात, घरातल्या बाईची काळजी घेते मी.

अनिताबाई महिन्यातून एकदा वाडीत यायच्या. त्यांनी आम्हा घरच्यांना समजावून सांगितलं होतं की पहिले सहा महिने कच्चे आहेत. या काळात न सांगता खाडा पडला की काम गेलं. श्रावण संपला की कायम करतील. कारखान्याच्या साहेबाला या बायांचा भरवसा नव्हता. त्याचं म्हणणं, घरी बसलेल्या बाया टिकत नाहीत, सण आला की जातात, शेती आली की जातात. अनिताबाई त्याच्याशी भांडून या दोघींना आत घेऊन गेल्या होत्या. रविनाला दुसरं काही नको होतं. कायम, एवढा एकच शब्द तिच्या तोंडात. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, ती एक दिवस घरी राहिली नाही. तिच्या वाटणीची आवणी मी केली.

आता सावड म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणालाच कळायचं नाही, जसं साहेबाला कळलं नाही. आमच्याकडे आवणी एकट्याच्या घराने होत नाही. आज तुमच्या शेतात माझ्या घरचा हात, उद्या माझ्या शेतात तुमच्या घरचा. हात मोजतात तो घराचा, माणसाचा नव्हे. काल सून गेली होती आणि आज तिला ताप आला तर सासू जाते, सासूची कंबर धरली तर म्हातारा जातो. चंदरच्या वेळी मी बाळंतीण होते तेव्हा माझी सासू माझ्या जागी वाकली होती. कोणी विचारत नाही की काल होती ती कुठाय. विचारतात कधी, तर कोणीच आलं नाही तेव्हा. अंगात ताप आहे म्हणून नुसता निरोप धाडणारं घर आणि कामचुकार घर, आमच्याकडे दोन्ही एकच धरतात. कारण ताप काय, कोणीही सांगेल.

श्रावणाच्या शेवटी रविना पावसात भिजून आली आणि रात्रीतून तापली. सकाळी अंग निखाऱ्यासारखं. तरी खाली वाल्मिकचा हॉर्न वाजला तशी उठून साडी नेसायला लागली आणि भिंत धरून खालीच बसली. डोळे लाल, बोलणं जड. पिशवी ओढून घेतली, कार्ड काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटली.

"आत्या, तुमी जा," म्हणाली. "माझा खाडा पडू देऊ नका."

आमचे हे ओटीवर बसून बघत होते. मी त्यांना म्हटलं की पोरीला आणि हिला सांभाळा, पेज करून घाला. आणि मी उतारावरून पळाले. मनात क्षणभरही आलं नाही की यात काही चुकतंय. उलट बरं वाटलं. पाच वर्षांत सुनेने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

जीपमध्ये भिमी म्हणाली, बरं झालं आलीस मावशी. तिलाही काही वेगळं वाटलं नाही. कारखान्याच्या दारात वॉचमनने कार्डाचा रंग बघितला, फोटो बघितला नाही. आत गेल्यावर भिमीने मला हात धुवायला लावले, डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं, अंगात पांढरा झगा. मग कोण सून आणि कोण सासू, सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. गोळ्यांची पाकिटं डब्यात भरायची, डब्याचं झाकण बंद करायचं, डबा पुढे सारायचा. भिमीने एकदा करून दाखवलं.

मी चारी बाजूंनी बघत होते. आत्ता काहीतरी दिसेल, आत्ता दिसेल. काहीच दिसलं नाही. स्वच्छ, थंडगार, पांढऱ्या उजेडाची खोली. कोणी ओरडत नव्हतं. बाया हळू आवाजात एकमेकींना हसवत होत्या. भिंतीवर पुसायचं फडकं अडकवायला प्रत्येकीला आपापला खिळा होता आणि त्यावर नाव होतं. रविनाच्या नावाच्या खिळ्याला मी फडकं अडकवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात तिच्या नावाचं काहीच नाही. भांड्यांवर सासऱ्याचं नाव, सातबाऱ्यावर नवऱ्याचं. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. मी तिच्या वयाची असते तर मीही पळत सुटले असते त्या जीपच्या मागे. शिमग्यापासून पोटात धरलेला संशय त्या सकाळी निघून गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मी डोळ्यांनी बघितलेलंच मानते.

चहाच्या आधी सुपरवायझर मुलगी आली आणि रविना, रविना म्हणून हाका मारायला लागली. दोनतीन हाका गेल्यावर मला कळलं की ती मलाच बोलावतेय. मी तोंडावरचं फडकं खाली केलं.

"रविना घरी हाय," मी म्हटलं. "तापलीय ती. मी तिची सासू, तिच्या जागी आलेय."

मी ते अभिमानाने सांगितलं. आमच्या घराचा हात चुकला नाही, हे कोणालातरी कळायला नको का? पण त्या मुलीचं तोंड पांढरं पडलं. यंत्र थांबलं. मग कोणी माझ्या हातातला डबा काढून घेतला, कोणी मला हाताला धरून बाहेर नेलं, आणि सकाळपासून त्या टेबलावरून गेलेला सगळा माल एका बाजूला काढून ठेवायला सुरुवात झाली. भिमी मान खाली घालून बसली होती; परक्या हाताने मालाला शिवायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं, पण सावडीच्या सवयीने सकाळी ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साहेब तरुण होता. त्याने मला बसायला सांगितलं नाही. औषधाचं काम आहे मावशी, म्हणाला, माणसं मरतील एखाद्या चुकीने. इथे शिकवलेल्या बाईशिवाय कोणी हात लावायचा नसतो. ते त्याचं बरोबर होतं, मला नंतर पटलं. पण मग त्याने विचारलं की मला कोणी पाठवलं. मी म्हटलं, घराने. तो म्हणाला, खरं सांगा, कुठल्या कंपनीने, कुठल्या युनियनने? माझी पिशवी उलटी करून बघितली. भाकरी आणि मिरचीचा ठेचा निघाला. त्याने ठेच्याची पुडीही सोडून बघितली. जसा मी रविनाचा डबा हुंगायचे तसा तो बघत होता, आणि माझा संताप संताप झाला. चोर समजतो मेला मला, माझ्या घरच्या माणसाने विश्वासाने पाठवलेल्या बाईला!

संध्याकाळी अनिताबाई वाडीत आल्या. रविनाचा ताप उतरला होता, ती ओटीवर गोधडी घेऊन बसली होती. अनिताबाईंनी सांगितलं की रविनाचं काम गेलं. भिमीला ताकीद दिलीय. आणि या वाडीतली आणखी कोणीही घ्यायची नाही असं साहेब म्हणतोय.

रविना माझ्याकडे बघायला लागली. "कार्ड तुमाला कसं मिळालं?"

मी म्हटलं, तूच दिलंस. तिला काही आठवत नव्हतं. हॉर्न ऐकल्याचंही आठवत नव्हतं. ती म्हणाली, मी कशाला देईन, मला नियम माहीत नाहीत का, पहिल्या दिवशी पहिली तीच गोष्ट सांगितली होती आम्हाला. हे म्हणाले, "तिनंच दिलं गो. मी बघत व्हतो." रविना त्यांना म्हणाली, "मामा, तुमी आत्याच्याच बाजूने बोलणार."

मग तिने एकेक बाहेर काढलं. पाच वर्षांचं न बोललेलं सगळं. स्टँडवर बसून मी केंद्रावर पाळत ठेवली, भिमीची उलटतपासणी घेतली, पिशव्या तपासल्या, पहिल्याच दिवशी चारचौघांत अनिताबाईंचा वाटा विचारला. "आन् आत गेल्यावर गप ऱ्हायला काय झालं व्हतं?" म्हणाली. "तुमी स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलंत. तुमाला माझं काम मोडायचंच व्हतं."

यातलं एकही खोटं नव्हतं, शेवटचं सोडून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती, पण कावळा मीच होते, आणि फांदीवर बसताना मला सगळ्यांनी पाहिलं होतं.  मी तिच्या जागी असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. मला रडू आलं नाही, राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना म्हणून मी गोठ्यात गेले आणि गाईचं शेण भरत बसले.

दोन दिवसांनी केंद्रात सगळ्यांना बोलावलं. अनिताबाईंनीच साहेबाला आणि सरपंचाला एकत्र आणलं होतं. भागीदारी आहे तर तिघांनी मिळून ठरवायचं, एकट्या कंपनीने नाही, असा त्यांचा आग्रह. आमचे हे पोरीला घेऊन घरी राहिले. मी आणि रविना एकाच एसटीने गेलो, पण ती पुढच्या बाकावर बसली.

साहेबाचं म्हणणं सरळ होतं. बाईने आपणहून कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलं असेल तर तिला कामावर ठेवता येणार नाही, मग ताप असो की काही असो. तिच्या नकळत कोणी नेलं असेल तर तिचा दोष नाही. रविना उभी राहून म्हणाली की मी दिलं नाही साहेब. साहेब म्हणाला, सगळ्या हेच सांगतात. सरपंच खुर्चीत चुळबुळत होता. अनिताबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हौसाबाई, जे झालं ते खरं सांगा."

मी त्या साहेबाच्या तोंडाकडे बघितलं. त्याला मी चांगली ओळखत होते. तो माझ्याच जातीचा होता, संशयी. खरं सांगितलं असतं, की तापात तिने दिलं, सावड अशी असते, घराचा हात चुकू द्यायचा नसतो, तर त्याने एक शब्दही मानला नसता. मानलं असतं तरी एवढंच मानलं असतं की तिने दिलं, आणि वर खोटंही बोलली. संशयी माणसाला चांगलं पटत नाही. त्याला वाईट सांगावं, ते लगेच पटतं. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

"मीच काढलं," मी म्हटलं. "तिच्या पिशवीतून. ती तापात पडली व्हती, तिला कायपन म्हाईत नाय."

"कशासाठी?" साहेबाने विचारलं.

"सून कामाला जाते ते मला बघवत नव्हतं. एकदा गोंधळ झाला की काम सुटंल आन् बसंल घरात, म्हणून गेले. म्हणूनच नाव सांगितलं."

किती लगेच पटलं त्याला! "तरी म्हटलं," असं सरपंचाकडे बघून म्हणाला, आणि खुर्चीत मागे टेकून बसला. सरपंचाने कपाळाला हात लावला आणि वाडीच्या वतीने माझ्यासाठी चार शब्द माफीचे बोलला. साहेबाने सांगितलं की रविनाने सोमवारपासून यावं, आणि मावशी पुन्हा गेटजवळ दिसता कामा नयेत. वाडीतल्या इतर बायांचंही बघू म्हणाला.

एकट्या अनिताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हौसाबाई, नक्की?" त्यांनी हळूच विचारलं. मला त्यांचा भयंकर राग आला. शिमग्यापासून या बाईने कशाचाच संशय घेतला नव्हता, आणि घ्यायचा तो नेमका आता. "नक्की," मी म्हटलं. "मला काय कमी लेखता व्हय?"

येतानाही रविना पुढच्याच बाकावर बसली. घरी आल्यावर पाय धुतले, पोरीला जवळ घेतलं, आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हे ओटीवरच होते.

"आत्या," म्हणाली, "मामा बोलले व्हते की मीच दिलं. मला कायच आठवत नाय. तुमी आता खरं सांगा. मी दिलं व्हतं का?"

तिचा आवाज मऊ होता. तिला हो ऐकायचं होतं हे मला दिसत होतं. मी हो म्हटलं असतं तर ती तिथेच माझ्या गळ्यात पडली असती, मला माहीत आहे. पण रविनाच्या पोटात खोटं राहत नाही. बांगडी फुटली तरी आपणहून येऊन सांगणारी पोर ती. सोमवारी कारखान्यात जाऊन पहिलं काम काय केलं असतं, तर साहेबासमोर उभी राहून म्हणाली असती की सासूने माझ्यासाठी खोटं सांगितलं, कार्ड मीच दिलं होतं. आणि साहेबाला ते पटलं असतं.

यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं आणि ते गाय बांधायला निघून गेले.

"म्हाताऱ्याला दिसतं कुठं," मी म्हटलं. "मला वाचवायला बोलला तो. मीच काढलं."

 ती आत जाऊन चूल पेटवायला लागली. जेवण वाढलं, मला आधी वाढलं, भाकरी गरम दिली, काही कमी केलं नाही. पण माझ्या ताटाकडे बघितलं नाही.

सोमवारी पहाटे मी नेहमीसारखी उठून पोरीसाठी पेज ठेवली होती. रविनाने तिची वेणी घातली, फ्रॉक घातला, तिचं अंथरुणाचं फडकं आणि वाटी पिशवीत भरली. मी म्हटलं, हे सगळं कशाला, घरातच तर आहे ती. रविना म्हणाली की आजपासून भिमीच्या सासूकडे ठेवते, तिने हो म्हटलंय. भिमीच्या सासूला धड दिसत नाही, चुलीजवळ हात भाजून घेते ती. पण बोलायला जागाच ठेवली नव्हती मी.

रविना पोरीचा हात धरून अंगणातून निघाली. पोर सारखी मागे वळून बघत होती.

"आई, आजी तं घरीच हाय," ती म्हणाली.

"चल," रविना म्हणाली. खाली हॉर्न वाजला, आणि ती पोरीला ओढत भरभर चालायला लागली.